प्रोस्टेटची बायोप्सी : करावी की थांबावे?

प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय बहुतेक वेळा एका आकड्यातून उभा राहतो. मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी पीएसए नावाचे प्रथिन तयार करते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही त्याची रूढ मर्यादा. चेकअपच्या पॅकेजमध्ये पन्नाशीपुढच्या पुरुषांची ही तपासणी आता अनेकदा न मागताच होते. रिपोर्टवर ५ किंवा ६ हा आकडा ठळक छापून आला, की घरात थेट कॅन्सरचेच बोलणे सुरू होते.

त्यात घाई होते. पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन आहे, कॅन्सरचे नव्हे. वयानुसार ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरी ते वाढते. पाश्चात्त्य देशांतल्या अनुभवानुसार ४ ते १० या पट्ट्यातल्या साधारण चौघांपैकी एकालाच कॅन्सर निघतो. मात्र ४ च्या खाली असणे म्हणजे अभयदानही नव्हे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्यांचीही बायोप्सी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सुमारे १५ टक्के जणांत कॅन्सर सापडला.

म्हणून आकडा किंचित चढा असेल, तर आधी काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करतात. संसर्ग असल्यास तो बरा होऊ देतात; आदल्या दोन दिवसांत वीर्यस्खलन आणि सायकल चालवणे टाळायला सांगतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेट आक्रसवणारी औषधे काही महिने घेतली, तर पीएसए निम्म्यावर येतो. अशा रुग्णाचा ३ हा आकडा खरे तर ६ धरायचा असतो. गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगायचे राहिले, तर फसगत होते.

आकडा चढाच राहिला, तर तो किती मोठ्या ग्रंथीतून आला हे पाहावे लागते. ६० मिलिलिटरच्या प्रोस्टेटमधून आलेला ६ आणि ३० मिलिलिटरच्या प्रोस्टेटमधून आलेला ६ सारखे नसतात. पीएसएला आकारमानाने भागल्यावर पहिल्याचे उत्तर ०.१ येते, दुसऱ्याचे ०.२. साधारणपणे ०.१५ च्या पुढे संशय बळावतो. वडील किंवा भावाला हा आजार झालेला असणे, बीआरसीए-२ या जनुकातला दोष, आणि गुदद्वारातून बोटाने तपासताना लागलेली कडक गाठ हेही त्याच पारड्यात पडते. ही बोटाची तपासणी संकोचापायी टाळली जाते. ती मिनिटभराची असते.

गेल्या काही वर्षांत खरा फरक पडला तो एमआरआयमुळे. पूर्वी गुदाशयातून सोनोग्राफीच्या आधारे ग्रंथीच्या ठरावीक भागांतून बारा-एक तुकडे काढत; म्हणजे बराचसा अंदाजाचाच मामला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५०० पुरुषांचे दोन गट केले होते. आधी एमआरआय केलेल्या गटात २८ टक्के जणांची बायोप्सी टळली. तरीही उपचारायोग्य कॅन्सर या गटात ३८ टक्के जणांत सापडला, तर जुन्या पद्धतीत २६ टक्के जणांत. निरुपद्रवी प्रकारचा कॅन्सर मात्र २२ ऐवजी ९ टक्के जणांतच निघाला. एमआरआयला १ ते ५ असे गुण देतात. ४ किंवा ५ असल्यास बहुधा बायोप्सी करतात. १ किंवा २ असून इतर धोके नसतील, तर थांबता येते. ३ वर मतभेद होतात आणि तिथे वरचा भागाकार कामी येतो.

बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकते. गंभीर धोका जंतुसंसर्गाचा. गुदाशयातून सुई घातल्यास तिथले जंतू आत जातात, आणि भारतात नेहमीच्या प्रतिजैविकांना ते अनेकदा दाद देत नाहीत. अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घातली, की हा धोका बराच घटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच विचारून घ्यावे. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत मात्र सोडून द्यावी. प्रोस्टेटच्या बाबतीत तसे होणे अतिशय विरळ आहे.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे निदान झाल्यावर पुढे काय करायचे. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा केवळ देखरेख अशा तीन गटांत विभागले होते. पंधरा वर्षांनंतरही तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते. ग्लीसन ६ हा सौम्य प्रकार निघाल्यास आज सहसा देखरेखच सुचवतात. ऐंशीच्या घरातल्या, हृदय अधू असलेल्या माणसाला किंचित चढ्या आकड्यासाठी बायोप्सीचा फारसा लाभ नसतो. पंचावन्न वर्षांच्या धडधाकट माणसाचे गणित वेगळे. आणि पीएसए शेकड्यांत असेल, कंबरेची हाडे दुखत असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे तातडीने तपासावे लागते.

बायोप्सी न करण्याचे ठरले, तरी पीएसए सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा पाहायचा असतो. तो सतत चढत गेला, तर एमआरआय नव्याने करून बायोप्सीचा विचार पुन्हा होतो. बायोप्सीत काही निघाले नाही तरी हाच क्रम चालू ठेवतात, कारण सुईच्या वाटेत न आलेला कॅन्सर मागे राहिलेला असू शकतो.