शंकूसारखे बुबुळ आणि दानात मिळालेला कॉर्निया



घरातल्या तरुण नातवंडाचा चष्म्याचा नंबर वरचेवर बदलत असेल, रात्री दिव्यांभोवती किरणे पसरलेली दिसत असतील आणि डोळे सारखे चोळायची सवय असेल, तर आजी-आजोबांनी गप्प बसू नये. हा केराटोकोनस असू शकतो. इस्राएलमध्ये आणि भारतातही हा आजार बऱ्याच जणांना असतो.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला कॉर्निया म्हणतात, हिब्रूत कर्नीत. त्याची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो आणखी पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा वयात येताना होते. वेळीच कळले तर रिबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण देतात. त्याने गेलेली नजर परत येत नाही, पण आजाराची वाढ बहुतेकांत थांबते. पुढे कडक कॉन्टॅक्ट लेन्सवर पुष्कळांचे वर्षानुवर्षे भागते.

लेन्सही बसेनाशी झाली किंवा कॉर्नियावर व्रण पडून तो धूसर झाला, तर दात्याचा कॉर्निया बसवतात. असे पहिले यशस्वी ऑपरेशन १९०५ साली डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी ओलोमोऊत गावी केले.

आता मुख्य पद्धती दोन. पहिलीत फक्त पुढचे थर बदलतात आणि रोग्याचा स्वतःचा सर्वांत आतला थर तसाच ठेवतात. त्यामुळे शरीराने नवा भाग नाकारण्याचा धोका कमी होतो. व्रण खोलवर गेला असेल तर दुसरी पद्धत, म्हणजे पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलणे. टाके केसाहूनही बारीक असतात आणि ते बऱ्याचदा वर्षभर ठेवावे लागतात. नजर स्थिरावायला कित्येक महिने जातात आणि नंतरही चष्मा किंवा लेन्स लागू शकते. हे आधीच समजून घेतले म्हणजे निराशा होत नाही.

नर्स म्हणून मी सांगेन की ऑपरेशनइतकेच महत्त्व नंतरच्या थेंबांना आहे. आमच्या वॉर्डात एक तरुण आला होता. डोळा छान दिसतो म्हणून त्याने थेंब बंद केले होते. डोळा लाल होताच तो त्याच दिवशी धावत आला, म्हणून कॉर्निया वाचला. शब्बाथ असो की सण, थेंब चुकवू नका. शंका असेल तर रब्बींना आधीच विचारून ठेवा. हे थेंब स्टेरॉइडचे असतात. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून कुपत-होलीममध्ये दाब तपासून घ्यावा.

लाली, दुखणे, उजेड सहन न होणे, नजर अंधुक होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ऑपरेशनला दहा वर्षे झाली असली तरीही! डोळ्याला जोराचा मार लागू देऊ नका. जुनी जखमही उघडू शकते.

आता आपल्या वयाच्या लोकांसाठी दोन शब्द. हृदय बंद पडल्यानंतरही काही तासांच्या आत कॉर्निया देता येतो. चष्मा होता किंवा मोतीबिंदू काढला होता, एवढ्यावरून आपले डोळे निरुपयोगी ठरत नाहीत. निर्णय डॉक्टर घेतात. चेहरा विद्रूप होत नाही. चीफ रब्बी उन्टरमन यांनी कॉर्निया बसवण्यास परवानगी दिली होती. तरीही मनात किंतू असेल, तर आदी कार्डावर सही करताना धर्मगुरूंच्या संमतीची अट घालता येते.

शेवटी घरच्यांनाच विचारले जाते, म्हणून आपली इच्छा मुलांच्या कानावर घालून ठेवावी. मी घातली आहे. माझे कार्ड पर्समध्ये असते.

डोळे जपा, आणि नातवंडांना डोळे चोळू देऊ नका.