हिवताप आणि बांधावरच्या कडू वनस्पती

पावसाळ्यात पाणी साचले की डास वाढतात व हिवतापाचे रुग्ण दिसू लागतात. अशा तापात सातविणीच्या सालीचा किंवा किराईताचा काढा, गुळवेलीचे सत्त्व, तसेच सागरगोट्याचा गर मिरपुडीबरोबर देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे.

वनस्पतींपासून हिवतापाची औषधे मिळाली, हे खरे आहे. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनाईन वेगळे केले गेले. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये आर्टेमिसिया वनस्पतीतून आर्टेमिसिनीन मिळविले. उष्णतेने गुण जातो, म्हणून त्यांनी कमी तापमानात ईथरने अर्क काढला. या कार्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र घरच्या काढ्यात औषधी घटक किती उतरला, हे कळत नाही. ताप उतरला तरी जंतू रक्तात राहू शकतात. फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापात उशीर झाल्यास मेंदूवर परिणाम होऊन रोगी दगावतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. थंडी वाजून ताप येताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. तेथे तपासणी व औषधे मोफत मिळतात.

२. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत. व्हायवॅक्स हिवतापात काही गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात.

३. काढा घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना तो परस्पर देऊ नये.

४. सातविणीची साल खोडाभोवती गोल सोलू नये, झाड वाळते.

५. डबकी बुजवावीत, हौदात गप्पी मासे सोडावेत.

कडू वनस्पती बांधावर अवश्य जोपासा, पण रक्ततपासणी टाळू नका.