हातात धरायची लेन्स कशी पारखावी?

आपल्या फोटोग्राफी क्लबसाठी लांब पल्ल्याची एक झूम लेन्स घ्यायची आहे, हे सर्वांना माहीत आहेच. स्पोर्ट्स डेला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धावणारा कॅडेट आणि झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी, दोघेही आपल्या सध्याच्या लेन्समध्ये मुंगीएवढे येतात. दिवाळीनंतरच्या बैठकीत मी सर्वांत जास्त बोललो आणि सर्वांत जड लेन्सचा आग्रह धरला. सर एवढेच म्हणाले, "तू ती कधी उचलली आहेस का?" मी उचलली नव्हती. "मग सुट्टीत तशी एखादी उचलून बघ आणि लिहून आण." तोच हा अहवाल.

बाबांची पोस्टिंग कोलकात्याला आहे आणि आम्ही बालीगंजला राहतो. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तिथे ओळख झालेल्या एका काकांनी त्यांची निकॉनची २००-५०० मिलिमीटर, एफ/५.६ ही लेन्स मला तीन दिवसांसाठी दिली. तिचे वजन ट्रायपॉडच्या कड्यासह २३०० ग्रॅम. बाबांचा डी७५०० कॅमेरा बॅटरीसह ७२० ग्रॅम. म्हणजे हातात तीन किलो. बाबांनी पहिलाच नियम सांगितला, "लष्करी हद्दीत कॅमेरा बॅगेतून बाहेर काढायचा नाही." म्हणून आम्ही रोज पहाटे बालीगंजच्या दक्षिणेला असलेल्या रवींद्र सरोवरावर जायचो. हा तलाव १९२० च्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने खोदला. १९५८ मध्ये त्याला रवीन्द्रनाथांचे नाव दिले, पण जुने लोक अजूनही ढाकुरिया लेकच म्हणतात. पाणकावळे, वंचक, रातबगळे, खंड्या, घारी असे सगळे तिथे भेटतात. शिवाय रोइंग क्लबच्या होड्या पाण्यावर असतात, त्यामुळे हलत्या वस्तूवर सराव करता येतो.

पहिल्या दिवसाची चूक

पहिल्या दिवशी मी चाळीस फोटो काढले. त्यातला खंड्याचा एक फोटो इतका सुरेख आला की चोचीवरचा पाण्याचा थेंबही दिसत होता. घरी येऊन मी तो दाखवला आणि जाहीर केले, "लेन्स पास!"

बाबांनी विचारले, "बाकीचे एकोणचाळीस कुठे आहेत?"

मी ते पुसून टाकले होते.

"फायरिंगच्या टार्गेटवर बाहेर गेलेली भोकं तू बुजवतोस का? एक गोळी मध्यभागी लागली म्हणजे नेम चांगला झाला का?"

आपण सगळे .२२ रायफलवर ग्रुपिंग शिकलो आहोत. पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, त्यावरून नेम कळतो. नशिबाने लागलेल्या एका गोळीवरून काहीच कळत नाही. मी लेन्सची परीक्षा एका गोळीवरून घेतली होती. तो दिवस वाया गेला, पण परीक्षा कशी घ्यायची ते कळले.

हात इतका का नडतो?

साध्या लेन्सला हात थोडा हलला तरी चालते. लांब लेन्सला का चालत नाही, याचे मी गणित मांडून पाहिले. डी७५०० च्या सेन्सरवर आडव्या ओळीत ५५६८ बिंदू असतात. लेन्स ५०० मिलिमीटरवर ठेवली, तर ३० मीटरवरच्या पक्ष्याचा साधारण पाव मिलिमीटर भाग एका बिंदूत मावतो. शटर उघडे असताना आपला रोख तिथे एक मिलिमीटर सरकला, तर प्रत्येक रेघ चार बिंदू फासली जाणार. आता ही लेन्स साधारण २७ सेंटिमीटर लांब आहे. तिचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या मानाने एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके हलले, की ३० मीटरवर रोख एक मिलिमीटर सरकतो. इतके तर नाडीच्या ठोक्यानेही हलत असेल.

म्हणूनच जुना नियम आहे की लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्याव्या भागाचा सेकंद शटर ठेवावे. ५०० मिलिमीटरला १/५०० सेकंद. आपला सेन्सर लहान असल्यामुळे ५०० ला १.५ ने गुणायचे, म्हणजे १/७५० सेकंद.

या लेन्समध्ये कंप कमी करणारी यंत्रणा आहे. हात हलला की आतल्या भिंगांचा एक गट उलट दिशेने सरकतो आणि प्रतिमा जागेवर राहते. कंपनी ४.५ स्टॉपचा फायदा सांगते. एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. चारच स्टॉप धरले तरी १/७५० ऐवजी साधारण १/५० सेकंदावर फोटो स्पष्ट यायला हवा. पण हा आकडा ठरावीक कंप देणाऱ्या यंत्रावर मोजलेला असतो. यंत्राचे हात दुखत नाहीत. दुसरे म्हणजे, ही यंत्रणा फक्त आपला हात सावरते. पक्ष्याने मान वळवली किंवा धावपटूने पाय उचलला, तर ते थांबवायला शटरचा वेगच लागतो.

परीक्षा कशी घेतली?

दुसऱ्या दिवशी एका पुठ्ठ्यावर बंगाली वर्तमानपत्राचे पान चिकटवून तो सुमारे ३० मीटरवर झाडाला टेकवून ठेवला. मला बंगाली वाचता येत नाही, हे इथे कामाला आले. ओळखीचे अक्षर पुसट असले तरी डोळा ते अंदाजाने वाचून टाकतो. अनोळखी अक्षराची कड दिसते तरी किंवा दिसत नाही तरी.

आधी लेन्स बाकावर जॅकेटच्या घडीवर टेकवली, कंप-यंत्रणा बंद केली आणि टायमर लावून पाच फोटो काढले. लेन्स स्वतः किती स्पष्ट दाखवते, हे त्यावरून कळले. ही पायरी गाळली तर फोटो बिघडल्यावर दोष लेन्सचा की हाताचा, हे कधीच कळणार नाही.

मग उभ्याने, हातात धरून, चार वेगांवर प्रत्येकी दहा फोटो. प्रत्येक फोटोआधी फोकस नव्याने केला. एकही फोटो पुसला नाही. घरी संगणकावर पूर्ण मोठा करून, बाकावरच्या फोटोइतकी अक्षरांची कड आली तरच तो पास. आईने वहीत आकडे लिहिले, म्हणजे मला हातचलाखी करता आली नाही.

कंप-यंत्रणा बंद ठेवून दहापैकी पास झालेले फोटो: १/१००० ला ७, १/५०० ला ५, १/२५० ला २, १/१२५ ला एकही नाही. यंत्रणा चालू केल्यावर तेच आकडे १०, ९, ८ आणि ४ झाले. यंत्रणा खरेच काम करते, यात शंका उरली नाही.

मग मी वीस मिनिटे घारी आणि होड्यांच्या मागे लेन्स फिरवली आणि लगेच तीच परीक्षा पुन्हा दिली. यंत्रणा चालूच होती. आता आकडे आले ९, ७, ४ आणि १. लेन्स तीच, उजेड उलट वाढलेला. थकले होते ते माझे हात.

माझी धाकटी बहीण सहावीत आहे. तिलाही यंत्रणा चालू ठेवून लेन्स दिली. १/५०० ला तिचे पाच फोटो पास झाले, १/२५० ला दोन. दुसऱ्या फेरीला तिने लेन्स आईच्या हातात दिली आणि ती बाकावर जाऊन बसली. मला तेव्हा आपल्या क्लबमधले सहावी-सातवीचे कॅडेट आठवले. बैठकीत बोलताना ते माझ्या डोक्यातही आले नव्हते.

मग शटर नेहमी १/१००० च ठेवावे, असे कोणी म्हणेल. डिसेंबरअखेरीस कोलकात्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, पण तलावावर धुके असते. एफ/५.६ वर तेवढ्या उजेडात १/१००० साठी आयएसओ खूप चढवावा लागतो आणि फोटोत दाणे उमटतात. जास्त उजेड घेणारी लेन्स घ्यावी, तर समोरचे भिंग मोठे होते. ५०० ला ५.६ ने भागले की ८९ येतात. म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट ८९ मिलिमीटर रुंद असावी लागते. ६०० मिलिमीटर एफ/४ ला ती १५० मिलिमीटर लागेल. काच वाढली की वजन वाढते, आणि वजन वाढले की हात हलतो. यातून पळवाट नाही.

धरायची कशी?

इथे आपली फायरिंगची शिकवण जशीच्या तशी उपयोगी पडते. पाय खांद्याइतके फाकलेले. डावा तळहात लेन्सखाली, जिथे वजन तोलले जाते तिथे. झूम लांबवली की हा तोल पुढे सरकतो, तेव्हा हातही पुढे न्यायचा. दोन्ही कोपरे छातीला चिकटलेले. अर्धा श्वास सोडून थांबायचे आणि ट्रिगरसारखेच बटण दाबायचे, झटका न देता. नीलिंग पोझिशनमध्ये कोपराचे हाड गुडघ्याच्या हाडावर ठेवायचे नाही. दंडाचा मांसल भाग गुडघ्यावर टेकवायचा. तिसऱ्या दिवशी थकल्यावर मी नीलिंगमध्ये १/२५० ला दहा फोटो काढले, सात पास झाले. आणि पक्षी येईपर्यंत लेन्स खाली ठेवायची. डोळ्याला लावून वाट बघत बसलो, तर पक्षी येतो तेव्हा हात संपलेले असतात.

आणखी एक गोष्ट. दुपारी ऊन तापल्यावर दूरचे फोटो बाकावर टेकवूनही मऊ येऊ लागले. तो तापलेल्या हवेचा खेळ असतो. लेन्सची परीक्षा सकाळीच घ्यावी.

माझी शिफारस

मी बैठकीत ज्या लेन्सचा आग्रह धरला होता, ती सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स. तिचे वजन २८६० ग्रॅम आहे. कॅमेऱ्यासह साडेतीन किलोच्या वर. ट्रायपॉडवर ती उत्तम असेल, पण २३०० ग्रॅमनेच माझे हात वीस मिनिटांत थकवले. म्हणून तो आग्रह मी मागे घेतो. त्याच कंपनीची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅमची आहे आणि टॅमरॉनची १५०-६०० जी२ ही २०१० ग्रॅमची. पोच तिन्हींची सारखीच. क्लबने दोन किलोच्या आसपासची लेन्स बघावी आणि सोबत एक मोनोपॉड घ्यावा. मी या दोन्ही हाताळलेल्या नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी दुकानात वर्तमानपत्राचे पान घेऊन जावे आणि हीच परीक्षा घ्यावी. लेन्स माझ्या हातात न देता सातवीच्या कॅडेटच्या हातात द्यावी. ज्या हातांनी ती वापरली जाणार, त्याच हातांनी ती पास केली पाहिजे.

परीक्षेचे सगळे फोटो, पास आणि नापास, मी क्लबच्या संगणकावर ठेवले आहेत. आईच्या हस्ताक्षरातली वहीही तिथेच आहे. कोणीही ताडून पाहावे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी