डॉट ऑर्ग घेतल्याने कुणी देवस्थान होत नाही

उज्जैनला राम घाटाच्या आसपास खोल्या देणाऱ्यांना सध्या वेबसाइटची घाई झाली आहे. २०२८चा सिंहस्थ तोंडावर आलाय, आणि महाराष्ट्रातून येणारी मंडळी खोली आधी मोबाइलवर बघतात, मग निघतात. या शहरात मराठी घरं जुनी. शिंद्यांची राजधानी १८१०च्या सुमारास इथून ग्वाल्हेरला हलली, तरी बरीच माणसं इथेच राहिली. त्यांच्यातला लॉजवाला असो, भोजनालयवाला असो, नाहीतर पुण्याहून बस आणणारा यात्रा कंपनीवाला, प्रत्येकाला कुणीतरी तोच सल्ला दिलेला असतो: "डॉट ऑर्ग घ्या. देवस्थानासारखं वाटतं. भाविकांचा विश्वास बसतो."

असा सल्ला देणाऱ्याला मी एकच विचारतो. डॉट ऑर्ग देताना तुमची कागदपत्रं कुणी तपासली? ट्रस्टचा दाखला कुणी मागितला? कुणीच नाही. नाव टाका, पैसे भरा, पाच मिनिटांत डॉट ऑर्ग तुमचं. ते डॉट कॉमबरोबरच १९८५ साली सुरू झालं. इंटरनेटच्या नावांची व्यवस्था ज्यांनी बसवली त्या जॉन पोस्टेल यांनी १९९४ साली लिहिलेल्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात डॉट ऑर्गचं वर्णन वाचून घ्या. ज्या संस्था दुसरीकडे कुठेच बसत नाहीत त्यांच्यासाठीचा 'इतर' हा कप्पा, एवढाच त्याचा अर्थ. पावित्र्याचा तिथे उल्लेख नाही. आज धंदेवाल्यानेही ते घ्यायला कसलीच आडकाठी नाही.

बरं, देवस्थानं तरी एका छापाची आहेत का? शिर्डीचं संस्थान डॉट ऑर्ग डॉट इनवर, मुंबईचा सिद्धिविनायक डॉट ऑर्गवर, तिरुपती देवस्थान आंध्र सरकारच्या डॉट गव्ह डॉट इनखाली. आणि महाकालच्या भस्म आरतीचं बुकिंग भाविकांनी कितीतरी वर्षं चक्क डॉट कॉमवर केलं. मग यातलं 'देवस्थानासारखं' नेमकं कोणतं?

मला चीड येते ती मात्र यातल्या हेतूची. तुम्ही दोन मजल्यांचं लॉज चालवता. स्वच्छ खोल्या, गरम पाणी, खाली साधं जेवण. हा प्रामाणिक धंदा आहे. त्याला देवस्थानाचा मुखवटा कशाला? एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने इशारा दिला होता की, यात्रेकरूंना गाठून बनावट वेबसाइटवर गेस्ट हाउस, हॉटेल आणि हेलिकॉप्टरचं बुकिंग करून लुबाडलं जातंय. म्हणजे 'देवस्थानासारखं वाटणं' हा सध्या ठगांचा धंदा आहे. त्यांच्या रांगेत आपणहून उभं राहायचं कारण काय?

उलट बाजूचा समजही तितकाच घातक. शेवटी डॉट इन आहे म्हणून साइट सरकारी, असं मानणारे भेटतातच. डॉट इन २००५पासून सगळ्यांना खुलं आहे आणि निक्सी ही संस्था ते चालवते. डॉट को डॉट इन, डॉट ऑर्ग डॉट इन हेही कुणीही घेऊ शकतं. दारात पहारा आहे तो मोजक्या ठिकाणी. डॉट गव्ह डॉट इन फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं, डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना. बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हे नवं दार रिझर्व्ह बँकेने उघडलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत तिथे जायला बँकांना सांगितलं. तेही फसव्या साइटना कंटाळूनच.

पहाऱ्याच्या नावाखालीही फसवणूक होते, म्हणून पत्ता वाचायला शिका. सुरुवातीचं 'https://' सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधी जे शेवटचं नाव, ते खरं. त्याच्या डावीकडे मालक वाट्टेल ती अक्षरं चिकटवू शकतो. 'महाकाल डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकबुकिंग डॉट कॉम' असा पत्ता दिसला, तर मालक अमुकबुकिंग आहे, सरकार नव्हे. कुलपाच्या चित्रावरही जाऊ नका. कुलूप म्हणजे वाटेत कुणी चोरून वाचत नाही, एवढंच. पलीकडे बसलेला चोर असला तर त्याच्याशीही बोलणं तितकंच सुरक्षित होतं. गूगलने क्रोममधलं ते चित्र २०२३ साली काढलं, त्यामागे हाच गैरसमज होता.

बाकीचे समज झटपट उरकतो. 'डॉट कॉम असलं की गूगल वर दाखवतं': नाही. पत्त्याच्या नव्या शेपट्यांना गूगल जुन्यांसारखंच वागवतं, शेपटीतल्या शब्दाचा फायदा मिळत नाही, हे गूगलनेच २०१५ साली जाहीर केलं. डॉट इनमुळे साइट भारतासाठी आहे हे त्याला कळतं, आणि तुमचं गिऱ्हाईक भारतातलंच आहे. 'डॉट को म्हणजे कंपनी': ते कोलंबिया देशाचं आहे. डॉट एआय हे अँग्विला बेटाचं. 'फुकट मिळतंय तर घ्या': फ्रीनॉम कंपनी डॉट टीके वगैरे फुकट वाटायची. तिच्यावर मेटाने दावा ठोकला, २०२३ साली नवी नोंदणी थांबली, आणि पुढच्या वर्षी तिने धंदाच सोडला. 'पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपये' ही जाहिरात खरी असते, पण दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारा.

डॉट भारत मात्र चेष्टेत काढू नका. २०१४ साली ते देवनागरीत आलं आणि मराठीतही चालतं. दुकानाच्या पाटीवर, पत्रिकेवर छान दिसतं. अडचण एवढीच की ईमेलसाठी ते अजून अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. त्यामुळे जोडीला घ्यावं, एकटं नको.

मग घ्यायचं काय? डॉट इन मिळत असेल तर तेच, परवडलं तर जोडीला डॉट कॉम. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी मिळतंजुळतं नाव कोणत्याही शेपटीने घेऊ नका. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं आहे की डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे. नावात २०२८ घालायचा मोहही टाळा. मेळा उठल्यावर त्या नावाचं काय करणार?

आणि नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर करा, साइट बनवून देणाऱ्या भाच्याच्या नव्हे. नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठीच मिळतं आणि सिंहस्थ येतो १२ वर्षांनी. मधल्या काळात भाचा बंगळुरूला गेला आणि नूतनीकरणाची ईमेल त्याच्या जुन्या खात्यावर पडून राहिली, तर मुदत संपल्यावर थोडे दिवस सवलत मिळते. डॉट कॉमच्या बाबतीत पुढचे ३० दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येतं. तेही गेले की ५ दिवसांनी ते बाजारात, आणि तुमच्या लॉजचं नाव कुणीही घ्यावं.