'आणि मग'च्या पुढे

तिसरी-चौथीतल्या मुलाचा 'आमची सहल' हा निबंध वाचून पाहा. आम्ही बसमध्ये बसलो आणि मग गाणी म्हटली आणि मग डबे खाल्ले आणि मग घरी आलो! सारी सहल एका 'आणि'च्या दोऱ्यात ओवलेली. मराठी शिकवताना अशा कितीतरी वह्या मी तपासल्या. त्यात वावगे काही नाही. मूल घटना घडल्या तशा सांगते. त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हा प्रश्न त्याला अजून पडलेला नसतो. तो पाडण्याचे काम उभयान्वयी अव्ययांचे.

नाव जड असले तरी काम साधे, दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडण्याचे. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांचे दोन गट आणि प्रत्येकात चार-चार प्रकार असतात. समुच्चयबोधक, न्यूनत्वबोधक ही नावे मुले घडाघडा पाठ म्हणतात, आणि निबंधात पुन्हा 'आणि मग' लिहितात.

म्हणून मी नावे बाजूला ठेवून फळ्यावर दोन वाक्ये लिहिते. 'दादा आजारी होता. दादा शाळेत गेला.' आता जोडा! कोणी 'पण' घालतो, कोणी 'जरी-तरी'. एकाने 'म्हणून' घातले तेव्हा वर्ग हसला. तो ठामपणे म्हणाला, "आज शाळेत तपासायला डॉक्टर येणार होते, म्हणून गेला!" हसणारे गप्प झाले. वाक्ये तीच, पण जोडणारा शब्द बदलला की गोष्टच बदलते. परीक्षेतल्या गाळलेल्या जागेला एकच उत्तर बरोबर असते, वर्गात मात्र प्रत्येक उत्तरामागचे कारण विचारता येते.

एकदा मी लिहिले, 'ती मुलगी आहे. ती गणितात हुशार आहे.' बऱ्याच मुलांनी मध्ये 'पण' घातले, मुलींनीसुद्धा. व्याकरणाच्या दृष्टीने चूक काढायला जागा नव्हती. मी एवढेच विचारले, "इथे 'पण' कशाला?" वर्गात शांतता. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, 'आणि' लिहिलं तर चालेल?"

हे 'पण' मुलांना पुस्तकाने शिकवलेले नसते. ते घरातल्या बोलण्यातून येते. 'सावळी आहे, पण देखणी आहे', 'गरीब आहेत, पण प्रामाणिक आहेत' असे आपण सहज बोलून जातो आणि मुले ऐकत असतात.

आणखी एक गंमत पालकांनी ध्यानात घ्यावी. 'तू हुशार आहेस, पण धांदरट आहेस' आणि 'तू धांदरट आहेस, पण हुशार आहेस' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. मात्र 'पण'नंतरचे मुलाच्या मनात राहते. प्रगतिपुस्तक हातात आले की आपण बहुधा पहिलेच वाक्य बोलतो. या खेपेला दुसरे बोलून पाहावे.