छायाचित्रकाराची नवी पाटी

जुन्या मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर छायाचित्रगृहाच्या दाराशीं काचेचें एक कपाट लावण्याची पद्धत होती. त्यांत नवरानवरीच्या दोन-चार जोड्या, एखादें गुबगुबीत बाळ, पगडी घातलेले एखादे वकीलसाहेब असे निवडक नमुने मांडलेले असत. वर ठळक अक्षरांत मालकाचें नांव असे आणि खालीं जिन्याकडे जाण्याची खूण. रस्त्यानें जाणारा मनुष्य क्षणभर थबके. येथें काम कसें होतें, तें कोण करतो व त्यास कोठें गांठावयाचें, ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्याला त्या कपाटांतच मिळत. हातीं कॅमेरा घेऊन ह्या व्यवसायांत नव्यानें उतरणाऱ्या आजच्या तरुणाला किंवा तरुणीला रस्त्यावर दुकान घेण्याची ऐपत बहुधा नसते. त्यांचें कपाट आतां आंतरजालावर मांडलें जातें. परंतु जागा बदलली म्हणून ते तीन प्रश्न बदललेले नाहींत. आणि त्यांचीं उत्तरें न देतां नुसतीं चित्रें ओतीत राहणें म्हणजे पाटीवांचून दुकान थाटण्यासारखें आहे.

आंतरजालाचें सामर्थ्य केवढें आहे, हें अमेरिकेंतील व्हिव्हियन मायर हिच्या उदाहरणावरून कळतें. ही बाई शिकागो शहरांत लोकांचीं मुलें सांभाळण्याचें काम करी आणि फावल्या वेळीं रस्त्यावरील माणसांचीं छायाचित्रें घेई. तिनें एक लाखाहून अधिक चित्रें टिपलीं. पण तीं जवळजवळ कोणालाच दाखविलीं नाहींत, आणि पुष्कळशा फिल्मा तर धुतल्याही नाहींत. सामान ठेवण्यासाठीं घेतलेल्या कोठीचें भाडें थकल्यामुळें २००७ सालीं तिच्या पेट्या लिलावांत निघाल्या. एप्रिल २००९ मध्यें ती वारली. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत, तिच्या निगेटिव्ह विकत घेणाऱ्या जॉन मॅलूफ ह्या तरुणानें कांहीं चित्रें फ्लिकर नांवाच्या संकेतस्थळावर ठेवलीं, आणि जें नांव शिकागोंतही कोणास ठाऊक नव्हतें, तें थोड्याच काळांत जगभर झालें. मात्र तें यश पाहण्यास ती उरली नव्हती. तिनें मृत्युपत्र केलेलें नव्हतें. त्यामुळें ह्या चित्रांचा वारस कोण, हा वाद २०१४ सालीं न्यायालयांत गेला. आंतरजाल अनामिक कामालाही जगापुढें नेऊं शकतें, हा ह्या कथेचा एक अर्थ. आणि ज्याचें काम त्यानेंच तें हयातींत नीट मांडलें नाहीं तर निवड, नांव व मोबदला हीं सारीं दुसऱ्यांच्या हातीं जातात, हा दुसरा.

ह्या तिहींपैकीं निवड ही पहिली पायरी होय. नवशिक्याला आपलें प्रत्येक चित्र पोटच्या पोराप्रमाणें प्रिय असतें. म्हणून तो दोनशें-तीनशें चित्रें एकदम मांडतो. पाहणारा मात्र पहिल्या पांच-सहा चित्रांवरूनच आपलें मत बनवितो, आणि त्यांत एक जरी सुमार निघालें तरी उरलेल्यांचें तेज उतरतें. वीस ते तीस चित्रें पुरेशीं आहेत. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसावी: हा छायाचित्रकार लग्नकार्यांचा आहे, इमारतींचा आहे, कीं खाद्यपदार्थांचा. ज्या प्रकारचें काम मिळावें अशी इच्छा असेल, त्याच प्रकारचीं चित्रें पुढें ठेवावीं; कारण पक्ष्यांचीं उत्तम चित्रें पाहून कोणी वधूपिता लग्नाचें काम देत नाहीं. अद्याप कोणी काम दिलेलें नसेल, तर शेजारच्या मिठाईवाल्याच्या दुकानाचीं किंवा नात्यांतील एखाद्या मुंजीचीं चित्रें त्यांच्या संमतीनें घेऊन आरंभ करावा. पुढें नवें चित्र आंत घेतांना जुनें एक बाहेर काढावें. म्हणजे कपाट अडगळीची खोली होत नाहीं.

दुसरा प्रश्न नांवाचा. होमाई व्यारावाला ह्या भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. परंतु त्यांचीं आरंभींचीं चित्रें 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्यें त्यांचे पति माणेकशा ह्यांच्या नांवानें छापून आलीं. २०११ सालीं पद्मविभूषण मिळालेल्या ह्या कलावतीच्या कामाला आरंभीं स्वतःचें नांवही नव्हतें. आज नांव बहुधा कोणी मुद्दाम दडपीत नाहीं. तें वाटेंतच गळून पडतें. एकानें व्हॉट्सॲपवर चित्र पाठविलें, दुसऱ्यानें तें पुढें ढकललें, आणि तिसऱ्याच्या हातीं पोहोंचेपर्यंत कर्ता कोण, हें सांगणारें कांहींच उरत नाहीं. ह्यावर उपाय आहेत. सर्व ठिकाणीं एकच नांव, एकाच वर्णलेखनानें वापरावें. प्रत्येक चित्राच्या फाइलींत कर्त्याचें नांव, हक्काची नोंद व पत्ता लिहिण्यासाठीं आयपीटीसी नांवाची एक ठराविक योजना आहे. ती भरून ठेवावी. गूगलच्या चित्रशोधांत २०२० पासून अशा नोंदीच्या आधारें 'हें चित्र परवान्यानें मिळेल' अशी खूण दाखविण्याची सोय झाली. अनेक समाजमाध्यमें चित्र स्वीकारतांना ह्या नोंदी पुसून टाकतात. म्हणून चित्राखालीं शब्दांतही नांव द्यावें. चित्राच्या ऐन मध्यावर मोठें नांव छापणें मात्र टाळावें. त्यामुळें चोर थांबतोच असें नाहीं, पण गिऱ्हाईक कंटाळतें.

तिसरा प्रश्न पत्त्याचा, आणि नवशिके बहुतेक येथेंच फसतात. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब ह्या जत्रेंतील जागा होत. गर्दी तेथें असते, म्हणून तेथें जाणें योग्यच. पण जमीन दुसऱ्याची असते. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होतें. ज्यांनीं तेथें लाखो प्रेक्षक जमविले होते त्यांचा त्यांच्याशीं संबंध एकाएकीं तुटला. अनेक छायाचित्रकारांनीं आपलेसें केलेलें गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्यें सामान्य लोकांस बंद झालें. फ्लिकरनें २०१८ सालीं फुकट खात्यांवर एक हजार चित्रांची मर्यादा जाहीर केली. इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनीं तर २०२१ सालीं सांगून टाकलें कीं, ही आतां केवळ छायाचित्रांची जागा राहिलेली नाहीं. म्हणून स्वतःच्या नांवाचा पत्ता नोंदवून त्यावर एक साधें संकेतस्थळ उभारावें. त्यासाठीं वर्षाकाठीं थोडा खर्च येतो, पण तो घरभाड्यासारखा न चुकतां भरावा. तेथें निवडक चित्रें, स्वतःविषयीं चार ओळी, कामाचें गांव, आणि दूरध्वनि व ईमेल एवढें असलें कीं पुरे. जत्रेंत भेटलेल्या मनुष्यास घरचा पत्ता द्यावा, त्याप्रमाणें समाजमाध्यमांवरील प्रत्येक खात्यावर ह्या संकेतस्थळाचा दुवा ठेवावा.

पत्ता असूनही तो सांपडला पाहिजे. शोधयंत्रें मुख्यतः शब्दांचा आधार घेतात. कॅमेऱ्यानें दिलेल्या क्रमांकाच्या नांवानें चढविलेलें चित्र शोधणाऱ्यास मिळणें कठीण. तेंच 'कोल्हापूर लग्न हळद' अशा नांवानें ठेवलें आणि खालीं एक-दोन ओळींचें वर्णन दिलें, तर त्याच गांवांत छायाचित्रकार शोधणाऱ्याच्या दृष्टीस तें पडण्याचा संभव वाढतो. चित्राला जोडावयाचें हें वर्णन अंध वाचकांची यंत्रें मोठ्यानें वाचून दाखवितात, हा त्याचा आणखी एक उपयोग. चित्राची लांब बाजू सुमारें दोन हजार पिक्सेल ठेवावी. त्याहून जड चित्रें मोबाइलवर उघडण्यास वेळ लागतो आणि पाहणारा निघून जातो.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. आपण काढलेलें चित्र तें आपलेंच, अशी पुष्कळांची समजूत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठीं छायाचित्र काढवून घेतलें, तर उलट करार नसल्यास त्या चित्राचा पहिला स्वामी पैसे देणारा ठरतो, काढणारा नव्हे. कर्ता म्हणून आपलें नांव सांगण्याचा अधिकार ५७ व्या कलमानें छायाचित्रकारापाशीं राहतो. पण तेवढ्यानें तीं चित्रें जाहीरपणें मांडण्याची मुभा मिळत नाहीं. तेव्हां लग्नाचें काम घेतांनाच हक्क कोणाचा व निवडक चित्रें आंतरजालावर ठेवण्यास संमति आहे कीं नाहीं, हें दोन ओळींत लिहून घ्यावें. कायद्यापलीकडेही एक मर्यादा आहे. नवरीच्या डोळ्यांतलें पाणी किंवा अंगणांत न्हाणारें मूल हें चित्र म्हणून सुंदर असेल. पण तें घरच्यांचें आहे, गांवाचें नव्हे. मोबाइलनें घेतलेल्या चित्रांत पुष्कळदां जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. कोणाच्या घरचीं चित्रें बाहेर जाण्यापूर्वीं ते पुसावेत.

एवढें करूनही पहिले कित्येक महिने शांततेचे जातात. त्या काळांत दुसऱ्यांच्या खात्यावरील पसंतीचे आंकडे पाहून मन खट्टू होतें. पण दूरदेशींच्या दहा हजार अनोळखी पसंत्यांतून एखादेंही काम मिळेलच असें नाहीं, आणि गांवांतल्या एका समाधानी कुटुंबाच्या शब्दावर तीन कामें येऊं शकतात. तोंवर मूळ चित्रांच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. काम जपलेलें असेल, त्यावर नांव असेल, आणि विचारणाऱ्याला दार सांपडत असेल, तर नव्या छायाचित्रकारानें आपल्याकडून करावयाचें तें केलें; पुढची बोलणी चित्रें करतील.