पोट हलवलं, बरगड्या मोडल्या

फेब्रुवारी १९६९ संपता संपता, दोन-तीन रात्रींत, पॅरिसच्या ऐन मध्यवस्तीतून एक अख्खा बाजार उठला. सुमारे २०,००० माणसं, हजारेक घाऊक पेढ्या, ५,००० टन माल आणि तो वाहून नेणारे १,५०० ट्रक. वजनकाटे गेले, पाट्या गेल्या, खोकी गेली, हिशेबाच्या वह्या गेल्या. पॅरिसच्या दक्षिणेला, ओर्ली विमानतळाजवळच्या रंझीस या गावी नवा बाजार बांधून तयार होता आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात तिथे सौदे सुरू झाले. मांसबाजार तेवढा मागे राहिला. तो १९७३ साली हलला. मागे उरले ते लोखंड आणि काचेचे मोठमोठे मंडप. ‘ले आल’ या नावाने सारं जग ओळखत असलेल्या बाजाराचे हे मंडप पुढच्या काही वर्षांत जमीनदोस्त झाले. शहराने बाजार हलवला यात फारसं नवल नव्हतं. मंडप पाडले, त्याची चुटपुट मात्र पॅरिसला अजून आहे.

या जागेवर बाजार भरू लागला तो बाराव्या शतकात, लुई सहाव्याच्या काळी. त्याचा नातू फिलिप ऑग्युस्त याने ११८३ साली इथे कापडवाल्यांसाठी छप्पर घातलेल्या दोन इमारती उभ्या केल्या आणि उघड्यावरच्या बाजाराला पक्कं रूप आलं. शेजारी शहराचं सर्वात मोठं दफनस्थान होतं. शतकानुशतकं एकाच जमिनीत माणसं पुरत गेल्याने तिथली माती आजूबाजूच्या रस्त्यांहून उंच झाली होती. शेवटी १७८० साली लगतच्या एका घराच्या तळघराची भिंत या ओझ्याने फुटली आणि दफनस्थान बंद करावं लागलं. १७८६ पासून तिथली हाडं रात्री गाड्यांवर लादून शहराखालच्या जुन्या दगडखाणींत नेण्यात आली. आज पर्यटक तिकीट काढून तीच हाडं बघायला जातात. मोकळ्या झालेल्या जागेवर भाजीबाजार बसला. बाजाराला जागा कधीच पुरत नाही, त्यामुळे कोबी-गाजरं घेताना पायाखालच्या मातीचा विचार कुणी फारसा केला नसावा.

एकोणिसाव्या शतकात शहर फुगलं आणि बाजाराचा जीव गुदमरू लागला. नेपोलियनने १८११ मध्ये भव्य मंडईचा हुकूम काढला होता, पण तो कागदावरच राहिला. १८४५ साली काम विक्तोर बाल्तार आणि फेलिक्स कॅले या वास्तुकारांकडे आलं, आणि सप्टेंबर १८५१ मध्ये लुई-नेपोलियनच्या हस्ते कोनशिला बसली. पहिली इमारत उभी राहिली ती जाडजूड दगडी भिंतींची. लोकांनी तिची यथेच्छ टर उडवली, तिला ‘बाजाराचा किल्ला’ म्हटलं. १८५३ मध्ये काम थांबवावं लागलं आणि पुढे ती इमारत पाडूनही टाकली. आता सम्राट झालेल्या लुई-नेपोलियनला हवी होती छत्र्यांसारखी हलकी, रेल्वे स्थानकासारखी मोकळी रचना. त्याच वर्षी पॅरिसचा कारभार हाती घेतलेल्या ओस्मानने बाल्तारला बजावलं की आता फक्त लोखंड वापरायचं. बाल्तारचा लोखंडावर जीव नव्हता. अभिजात शैलीत शिकलेला तो माणूस. उलट एक्तोर ओरो हा दुसरा वास्तुकार लोखंडी मंडईचे आराखडे आधीपासून घेऊन फिरत होता. काम त्याला मिळालं नाही. नाव झालं बाल्तारचं.

पण बाल्तारने काम केलं ते चोख. बारा मंडप आखले, त्यांतले दहा १८५४ ते १८७४ या काळात उभे राहिले आणि उरलेले दोन विसाव्या शतकात. ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, खाली विटांच्या बुटक्या भिंती, वर हवा खेळती ठेवणाऱ्या झडपा, त्यावर जस्ती पत्र्याचं आणि काचेचं छप्पर. मंडपामंडपांमधले रस्तेही छपराखाली, त्यामुळे पावसात गाडी थेट आत येई. भाजी, मासळी, लोणी-चीज, मांस, कोंबड्या-अंडी अशी प्रत्येक मंडपाची वेगळी वाटणी. खाली तळघरं. तिथे साठवण चाले, आणि एक कामगार अंधारात बसून प्रत्येक अंडं मेणबत्तीसमोर धरून आत डाग दिसतो का ते बघे. ही तळघरं भुयारी रेल्वेने शहराच्या मोठ्या स्थानकाला जोडायची असंही योजलं होतं. ती रेल्वे झाली नाही, आणि या एका न झालेल्या गोष्टीने बाजाराचं पुढचं भवितव्य बरंचसं ठरवलं.

एमिल झोलाने १८७३ मध्ये या बाजारावर कादंबरी लिहिली आणि तिच्या नावातच त्याला ‘पॅरिसचं पोट’ म्हटलं. तिचा नायक हद्दपारीच्या बेटावरून पळालेला, उपाशी. तो शहरात परततो तो एका भाजीवालीच्या गाडीवरून. लिहिण्याआधी झोला वही घेऊन या मंडपांत रात्री-अपरात्री हिंडला होता. मासळीच्या फळ्या, चीजचे वास, तळघरातली पाखरं हे सगळं त्याने एवढ्या बारकाईने टिपलं की मंडप गेल्यावर इतिहासकारांनाही त्याच्याकडेच जावं लागतं. पुढे छायाचित्रकार रोबेर द्वानोने दशकानुदशकं इथल्या माणसांचे फोटो काढले. त्यात रक्ताळलेल्या अ‍ॅप्रनातले खाटीक आहेत, फुलवाल्या आहेत आणि पाठीवर अर्धा बोकड टाकून चाललेले हमालही आहेत.

हे हमाल म्हणजे बाजाराची शान. त्यांना ‘फोर’ म्हणत. त्यांची भरती पोलीस खात्याच्या देखरेखीखाली व्हायची आणि परीक्षा सोपी नव्हती. चारित्र्य स्वच्छ हवं, उंची ठरावीक हवी आणि २०० किलो ओझं उचलून ६० मीटर चालून दाखवायला हवं. डोक्यावर रुंद काठाची टोपी असे, तिच्यात शिशाचा पत्रा बसवलेला, म्हणजे ओझ्याचा भार सगळीकडे सारखा पडे. गणवेशावर बिल्ला. मालाची चोरी झाली, खोकं फुटलं तर जबाबदारी त्यांची. दरवर्षी १ मे रोजी हेच हमाल राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात जाऊन त्यांना पांढऱ्या मुगे फुलांचा गुच्छ देत. हा मान बाजार हलल्यावरही चालू राहिला. आता रंझीसची मंडळी फुलं घेऊन जातात. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे आपले माथाडी आठवणारच. योगायोग असा की अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला माथाडी-हमाल कामगारांचा कायदाही १९६९ चाच. पॅरिसचे हमाल जुनी जागा सोडत होते त्याच वर्षी इथल्या हमालांच्या हाती हक्काचा कागद आला.

ले आलची रात्र हा वेगळाच प्रकार होता. सौदे मध्यरात्रीनंतर रंगात येत आणि सकाळी घंटा झाली की आटोपत. नाटक-ऑपेरा संपवून आलेली रेशमी कपड्यांतली मंडळी आणि रात्रपाळीचे खाटीक एकाच गल्ल्यापाशी उभे राहून चीज घातलेलं कांद्याचं कढत सूप पीत. १९४७ साली सुरू झालेलं ‘डुकराचा पाय’ अशा नावाचं खाद्यगृह दिवसरात्र उघडं असे. बाजार जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते अजून आहे. घंटा झाल्यावर उरलीसुरली पालेभाजी, दबलेली फळं वेचायला गोरगरीब येत. त्यांचं पोट त्यावर चाले. स्मरणरंजनाच्या लेखांत सूप हमखास येतं, ही वेचणारी माणसं क्वचित.

मग हे सगळं हलवलं का? खरं तर पर्याय नव्हता. आजूबाजूच्या बागायती गावांतून भाजी आणणारी एक वाफेची छोटी गाडी १८९० च्या दशकापासून रात्री शहराच्या रस्त्यांवरूनच धावत असे. आर्पाजों गावाकडून निघून ती थेट बाजाराशी येई. १९३० च्या दशकात तीही बंद झाली आणि सगळा भार ट्रकांवर आला. पहाटे मध्यवस्तीतले रस्ते तुंबत. शीतगृहांना जागा नाही, सांडपाण्याची दैना, उंदरांचा सुळसुळाट. १९५९ मध्ये सरकारने निर्णय घेतला आणि दहा वर्षांत रंझीस उभं राहिलं. क्षेत्रफळ २३० हेक्टरांहून जास्त, म्हणजे अख्ख्या मोनॅको देशापेक्षा मोठं. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, पण तिथे रेल्वे होती, महामार्ग होता, थंड गोदामं होती. व्यापार म्हणून बघितलं तर ही हलवाहलव शहाणपणाचीच ठरली.

खरा घोळ त्यानंतरचा. रिकाम्या मंडपांत १९६९ ते १९७१ या दोन वर्षांत जे घडलं त्यानेच त्यांची नवी उपयुक्तता सिद्ध केली होती. लुका रोंकोनी या इटालियन दिग्दर्शकाचं ‘ओर्लांदो फ्युरिओसो’ १९७० साली तिथे झालं. रंगमंच नाही, खुर्च्या नाहीत, चाकांवरचे देखावे प्रेक्षकांच्या गर्दीतूनच फिरत होते. प्रदर्शनं भरली, संगीताच्या मैफली झाल्या. फुकटात मिळालेलं, छप्पर असलेलं, भर वस्तीतलं सांस्कृतिक केंद्र याहून वेगळं काय असतं? पण त्या वेळी पॅरिसला निवडून आलेला महापौर नव्हता, कारभार सरकारनियुक्त अधिकाऱ्याच्या हाती होता आणि राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांना शहर आधुनिक करायची घाई होती. कारण पुढे केलं गेलं ते आरईआर या जलद उपनगरी रेल्वेच्या भुयारी स्थानकाचं. त्यासाठी जमीन वरूनच खणायची ठरली होती. सह्यांच्या मोहिमा झाल्या, मोर्चे निघाले. ऑगस्ट १९७१ मध्ये, निम्मं पॅरिस सुट्टीवर गेलेलं असताना, तोडकाम सुरू झालं. मुहूर्त कसा निवडावा हे सरकारांना शिकवावं लागत नाही.

त्यानंतर शहराच्या मधोमध काही वर्षं नुसता खड्डा होता. लोक त्याला ‘ले आलचा खड्डा’ असंच म्हणत आणि कुंपणाच्या फटींतून वाकून बघत. मार्को फेरेरी या दिग्दर्शकाने तर या खड्ड्यात अमेरिकन रेड इंडियनांच्या लढाईचा सिनेमा काढला. जनरल कस्टर झाला होता मार्चेल्लो मास्त्रोयान्नी, सोबत कातरिन दनव. १९७४ साली तो पडद्यावर आला. त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी तिथे होऊ घातलेलं व्यापारकेंद्र रद्द केलं. मग रिकार्दो बोफिल या वास्तुकाराला काम मिळालं. १९७७ मध्ये जाक शिराक महापौर झाले, त्यांनी बोफिलला घरी पाठवलं, त्याचं अर्धवट बांधकाम पाडलं आणि ले आलचा मुख्य वास्तुकार आपणच, असं जाहीर करून टाकलं. १९७९ मध्ये जमिनीच्या पोटात उतरत जाणारं ‘फोरम’ हे खरेदी संकुल उघडलं. ते लवकरच कळकट वाटू लागलं. त्याचा वरचा भाग काढून २०१६ मध्ये पिवळसर काचेचं प्रचंड छत्र उभारलं, आणि पाऊस पडला की ते गळतं म्हणून वर्तमानपत्रांनी पुन्हा टर उडवली. बाल्तारच्या छपराखाली मात्र शंभर वर्षं मासळी विकली गेली होती.

मुंबईशी ताडून पाहिलं तर गंमत वाटते. आर्थर क्रॉफर्डच्या नावाची मंडई १८६९ ची, विल्यम इमर्सनची रचना, दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंगचं शिल्पकाम. मुंबईचा भाजी-फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये वाशीला गेला, त्याही वेळी कोंडी, कचरा, जागेची टंचाई हीच कारणं होती. पण इमारत राहिली आणि किरकोळ विक्रीही राहिली. पुण्यात घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला, पण मंडईचा अष्टकोनी मनोरा जागच्या जागी आहे. दोन्ही मंडयांना आज महात्मा फुल्यांचं नाव आहे, आणि पुण्यातल्या मंडईवर एवढा पैसा ओतायला नगरपालिकेत विरोध केला होता तो खुद्द जोतीरावांनीच. देखभालीची दोन्हीकडे बोंबच. पण या इमारती आपण दूरदृष्टीने जपल्या असं म्हणणं धाडसाचं होईल. पाडायला तेवढ्या हिरिरीचा राष्ट्राध्यक्ष भेटला नाही, इतकंच.

फ्रान्सने धडा घेतला, पण उशिरा आणि दुसऱ्या इमारतीसाठी. सीन नदीकाठचं ओर्से रेल्वे स्थानकही पाडायच्या यादीत होतं. मंडप पडल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी वास्तूंबद्दल जो हलकल्लोळ झाला त्यात ते वाचलं. १९८६ पासून तिथे जगप्रसिद्ध संग्रहालय आहे.

जुन्या परिसरात खुणा सापडतात, पण शोधाव्या लागतात. सँ-उस्ताश चर्चमध्ये, बाजारकरी मंडळींच्या या आवडत्या देवळात, रेमंड मेसन या शिल्पकाराचं रंगीत शिल्प आहे: भाज्यांनी गच्च भरलेली गाडी आणि खोकी घेऊन निघालेले, नाकं लाल झालेले भाजीवाले. जवळच्याच रस्त्यावर १८७२ पासून चालत आलेल्या कीटक-उंदीर निर्मूलनाच्या दुकानाच्या काचेत सापळ्यात टांगलेले वाळके उंदीर आहेत. १९२५ च्या सुमारास ले आलमध्येच पकडलेले. बाजारातला अस्सल म्हणावा असा हा माल अजून गाळ्यात आहे.

बारांपैकी एकच मंडप पुरा वाचला, आठव्या क्रमांकाचा, कोंबड्या-अंड्यांचा. त्याचे सुटे भाग नोजाँ-स्यूर-मार्न या उपनगराने नेले आणि १९७६ च्या सुमारास एका टेकाडावर पुन्हा जोडले. १९८२ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. आता तिथे मैफली, मेजवान्या आणि टीव्हीच्या कार्यक्रमांची चित्रीकरणं होतात. आणखी एका मंडपाचा छोटासा तुकडा जपानमधल्या योकोहामाच्या बागेत आहे. नोजाँला जायचं तर शातले-ले आलच्या भुयारी स्थानकातून आरईआरची ‘ए’ गाडी पकडायची. ज्या स्थानकासाठी मंडप पाडले, ते हेच.